शेवटराव आणि फुलाफुलांचा खिसा

"गरीब गाय दिसली, की आधी तिची शिंगं मोजा."

शेवटराव हे वाक्य इतक्या वेळा म्हणायचा, की आमच्या लॉन्ड्रीच्या ओल्या भिंतींनाही ते पाठ झालं असावं. त्याने जन्मात कधी गाय राखली नव्हती. राखली असती तर त्याला कळलं असतं, की शिंगं मोजायची नसतात. ती दोनच असतात आणि पार बांधावरून दिसतात. मारकी गाय शिंगांवरून नाही, कानांवरून ओळखायची. मी गुरांमागे वाढलेला माणूस, मला हे ठाऊक. एकदा त्याला सांगून पाहिलं, तर त्याने डोळे बारीक केले, मान तिरकी केली आणि म्हणाला, "तू गाईची बाजू का घेतोयस? लपवतोयस काय?"

त्याचं खरं नाव हजेरीपटावर असेल. आम्ही त्याला शेवटराव म्हणायचो, कारण टीव्हीवरच्या प्रत्येक खुनाच्या मालिकेचा शेवट तो पहिली जाहिरात लागायच्या आत सांगून टाकायचा. तो बरोबर निघाला, तर संध्याकाळपर्यंत त्याच्या नाकावर माशी बसत नसे. आणि चुकला, तो बहुतेकदा चुकेच, तर म्हणे, "लेखकाला जमलं नाही. खुनी मी सांगितला तोच पाहिजे होता." पेरणी फसली की मातीला शिव्या देणारी माणसं असतात ना, त्यातला.

आमची लॉन्ड्री म्हणजे खोल्यांची एक रांग. सगळ्यात मागे बॉयलर, त्याच्यापुढे माझी धुण्याची खोली, मग इस्त्रीची, आणि रस्त्याच्या अंगाला काउंटर. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे डगले, साहेबलोकांचे कोट, सगळं ओढ्याच्या पाण्यासारखं वाहत यायचं. मागे गढूळ, पुढे येईतो नितळ. माणसांचं मात्र उलटं होतं. खरा गाळ पुढच्या खोलीत होता, काउंटरमागच्या उंच खुर्चीवर, पाय हलवत बसलेला.

त्याचं काम सोपं होतं, आणि सोपं काम नीट करण्याची त्याला लाज वाटे. गिऱ्हाइकाने कपडा दिला की खिसे रिकामे करायचे, आणि कॉलरच्या आत त्या गिऱ्हाइकाच्या खुणेची पांढरी पट्टी दोन टाके घालून अडकवायची. एवढंच. मग कपडा भिजो, पिळला जावो, शंभर कपड्यांत गुंतो, त्या पट्टीच्या जोरावर तो आपल्या धन्याच्या दारी परत जातो. पट्टी हुकली की कपडा पोरका झाला. हे टाके शेवटराव न बघता घालायचा. हात कपड्यावर आणि नजर टीव्हीवर. लोक म्हणायचे, काय सफाई आहे! सफाई कसली? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातली ती सफाई.

टीव्ही मालकीणबाईंनी काउंटरसमोरच्या भिंतीवर टांगला होता, ताटकळलेल्या गिऱ्हाइकांचा राग निवावा म्हणून. गिऱ्हाइकं त्याच्याकडे ढुंकून बघत नसत. बघायचो आम्ही. दुपारी डबे घेऊन सगळे पुढच्या खोलीत यायचो आणि मळक्या कपड्यांच्या गाठोड्यांवर बसायचो. आधी खुनाची मालिका लागे, मग बदकांचं कार्टून. पोरांचं नव्हे हं ते. त्यातला बाप बदक कचेरीत झोपा काढायचा, संध्याकाळी दारू ढोसायचा, आणि त्याची बायको त्याला असल्या शिव्या हासडायची की दर वाक्यात दोनदा 'टूं' वाजायचं. म्हातारी सासू शेजारच्या कोंबड्यावर डोळा ठेवून होती, आणि त्या दोघांचं काय चालायचं ते चित्रातसुद्धा पडदा ओढूनच दाखवत.

खुनाची मालिका ही शेवटरावाची देवपूजा. बदकं लागली की तो पाठ फिरवून बसे.

आणि बदकांना हसायची ती इस्त्रीवाली ताई. ही बाई एरवी दिवसभरात चार शब्द बोलली तर बोलली. बारीक अंगाची, वाफेने रापलेली, दंडावर इस्त्रीच्या चटक्यांचे जुने डाग. घरी अंथरुणाला खिळलेला सासरा आणि शाळेत जाणारी मुलगी. चूल पेटायची ती हिच्या इस्त्रीवर. पण बदकांची ती शिवराळ बायको पडद्यावर आली, की ताई पदर तोंडात कोंबून, गाठोड्यावर आडवी होऊन हसायची. उन्हाळ्यात आटलेल्या विहिरीला एकदम पाझर फुटावा तसं ते हसू होतं.

"बाईमाणसाने असलं बघावं?" शेवटराव पाठमोराच विचारी.

"मग बाईमाणसाने खून बघावेत होय?" बॉयलरदादा म्हणे. हा आमचा बॉयलर सांभाळणारा, तोंडाचा फटकळ.

"खुनात विचार असतो, दादा. डोकं लागतं."

"बदकांतही असतो की. आता तो बाप बघा. रोज कामावर जातो, खुर्चीत बसतो, काही करत नाही आणि सगळ्यांना अक्कल शिकवतो. मला तर रोज भेटल्यासारखा वाटतो बुवा!"

एकदा ताई आपणहून बोलली होती. मालिकेत घरातला कर्ता पुरुष मरून पडला होता आणि सगळं घर रडत होतं. ताई म्हणाली, "नवरा पहाटे गेला, आणि हिच्या बाहीला एक चुणी नाही. मेलेला माणूस तर आत्ता घडी मोडल्यासारखा. कोण करून देतं ह्यांना रोज इस्त्री?"

"आणि रक्ताची चादर उकळत्या पाण्यात घालतेय बया," बॉयलरदादा म्हणाला. "बसला की डाग जन्माचा!"

शेवटराव सावकाश वळला. त्याला सावकाश वळायला फार आवडे. म्हणाला, "तुम्ही लोक कपडे बघता. मी चेहरे बघतो."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. खुणा लावायला बसवलेल्या माणसाने हे सांगावं, आणि भर लॉन्ड्रीत सांगावं! पण दारात उभ्या मालकीणबाईंनी मान डोलवली. त्याही खुनाच्या भक्त. "शेवटराव, आज कोण हो?" असं त्या रोज विचारायच्या, आणि पाऊसपाणी सांगणाऱ्या ज्योतिषाचं ऐकावं तसं त्याचं ऐकायच्या. त्यांची मान डोलली की आमच्याही डोलायच्या. नंदीबैलांचा कळप नुसता.

थंडीचे दिवस सुरू झाले होते. शेवटरावाची बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली होती, आणि तो एकटा राहून आणखीच कळकट झाला होता. त्याचा एक कोट होता. रंग विचारू नका. चुलीमागच्या भिंतीला जो रंग येतो, तो. लॉन्ड्रीत जन्म काढलेल्या ह्या माणसाने स्वतःचा कोट कधी धुतला नव्हता. "धुतला की कोटाचं आयुष्य जातं," म्हणायचा. गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा!

अशा एका दुपारी दातांचे डॉक्टर आपला करडा कोट टाकून गेले. मालिका ऐन भरात होती, पोलीस जिना चढत होते. शेवटरावाने कोट घेतला आणि खुर्चीमागच्या खुंटीवर अडकवला, जिथे त्याचाही कोट लटकत होता. मग नजर पडद्यावरून न काढता हात मागे नेला, कोट ओढला, खिसे उलटे केले. शेंगांची टरफलं सांडली.

"डॉक्टर लोक बघा," तो म्हणाला. "दुसऱ्याचे दात काढतात आणि स्वतः शेंगा फोडतात!"

आम्ही हसलो. त्याने दोन टाके घातले, पट्टी अडकवली, कोट टोपलीत भिरकावला. पडद्यावर दार फोडलं गेलं आणि खुनी म्हणून भलताच माणूस निघाला. शेवटराव लेखकावर तोंडसुख घेत बसला. तेवढ्यात बदकं लागली, बाप बदक जिन्यावरून गडगडत खाली आला आणि ताई हसून हसून लोळली.

पुढे डॉक्टर आपला कोट न्यायला आले. कागद सोडला, कोट अंगावर चढवला, आणि तो खांद्यांत अडकला. बटणं आणि काजं यांची भेट होईना.

"हा माझा कोट नाही."

"पट्टी तुमचीच आहे, साहेब," शेवटराव म्हणाला.

"पट्टी घालू काय अंगात? माझा कोट कुठाय? हे कसलं लक्तर आहे?"

ते फार ओरडले. माझा कोट आणा, नाहीतर दवाखान्याचे सगळे डगले उद्यापासून दुसरीकडे देतो, म्हणाले. कोट काउंटरवर आपटून निघून गेले. मालकीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आणि शेवटरावाच्या तोंडावर मात्र असं तेज आलं, जणू जन्मभर ह्याच दिवसाची वाट बघत होता.

"अदलाबदल," तो हळूच म्हणाला. "कुणीतरी चांगला कोट लांबवला आणि आपला जुना त्याच्या जागी ठेवला. हा कोट ज्याचा, तो चोर!"

त्याने तो कोट टीव्हीखालच्या खिळ्याला टांगला. अस्तर बाहेर, बाह्या खाली. "पुरावा आहे. कुणी हात लावायचा नाही." गारठा होता, म्हणून त्याने खुर्चीमागच्या खुंटीवरचा कोट अंगात घातला आणि तपासाला लागला.

त्या दिवसांत मालिकेकडे कुणाचं लक्ष नव्हतं. घरचीच मालिका सुरू झाली होती. जेवणाच्या सुट्टीत शेवटराव पाठीमागे हात बांधून गाठोड्यांमधून येरझाऱ्या घालायचा. कोट त्याच्या अंगावर हेलकावे खायचा.

"तुम्ही वाळलात हो," मालकीणबाई एकदा कळवळून म्हणाल्या.

"डोक्याचं काम केलं की अंग झडतं, बाई," तो म्हणाला आणि कोटाचा घेर चिमटीत धरून दाखवला. "बघा. माझाच कोट मला ढगळ व्हायला लागलाय."

सगळे चुकचुकले. खोलीभर माणसं, सगळी कपड्यांवर पोट भरणारी, आणि एकाच्याही डोळ्यांत तो कोट शिरला नाही. सगळ्यांना चेहरे बघायची सवय लागली होती.

मग एका दुपारी त्याने सगळ्यांना गोळा केलं. मालिकेत शेवटी दिवाणखान्यात गोळा करतात तसंच. मालकीणबाईंना खुर्ची दिली. खिळ्यावरच्या कोटाचा आतला खिसा दोन बोटांनी बाहेर ओढला. खिसा फुलाफुलांच्या कापडाचा होता, निळी फुलं, पिवळे देठ.

"हे काय आहे?"

"खिसा," बॉयलरदादा म्हणाला.

"कशाचा?"

"कापडाचा. तुम्हाला काय वाटलं, पत्र्याचा?"

"दादा, गंभीर व्हा. पुरुषाच्या कोटाला फुलांचा खिसा कोण लावतं? पुरुष लावेल? नाही. हे बाईच्या हातचं शिवण आहे. म्हणजे हा कोट बाईच्या घरून आला. आता ह्या लॉन्ड्रीत बाया किती? मालकीणबाई, त्यांचा प्रश्न नाही. राहिलं कोण?"

ताई डब्याचं झाकण लावत होती. हात थांबला.

"रोज आपण मालिका बघतो," शेवटराव पुढे म्हणाला. "प्रत्येकजण खुनी कोण ते सांगतो. दादा सांगतो, बाई सांगतात. ही कधी सांगते? कधीच नाही. का? ज्याच्या मनात पाप असतं, तो दुसऱ्याचं पाप ओळखायच्या भानगडीत पडत नाही. आणि बघायला काय आवडतं हिला? शिवराळ बदकं. दारू, लफडी, चोऱ्या. जसं मन तशी आवड. आणि ज्या दिवशी कोट आला, त्या दिवशी ही पोट धरून हसत होती. सगळे साक्षी आहात."

"बदक जिन्यावरून पडलं म्हणून हसले मी," ताई म्हणाली.

"असंच म्हणणार."

"कोट माझ्याकडे आला तो ह्याच पट्टीचा आला. मी इस्त्री केली. दुसरा मी पाहिलासुद्धा नाही. माझा सासरा अंथरुणात आहे हो, त्याला कोट कशाला लागतो?"

"बघा! सासऱ्याचा विषय मी काढला का? हिनेच काढला." शेवटराव मालकीणबाईंकडे वळला, सावकाश. "गरीब गाय दिसली, बाई, की आधी तिची शिंगं मोजा."

मालकीणबाईंनी सुस्कारा सोडला. त्यांना शेवट पटला होता. ताईला म्हणाल्या, "शनिवारपर्यंत कोट आणून ठेव. मी काही विचारणार नाही. नाहीतर शनिवारी संध्याकाळी तुझं तू दुसरीकडे बघ."

"कुठून आणू?"

बॉयलरदादा तेवढा बडबडत मागे गेला आणि बॉयलरचं दार धाडकन लावलं. बाकीचे आपापले डबे पुसत राहिले, जणू डब्यांच्या तळाशीच काहीतरी लिहिलं होतं. आजूबाजूला दुसरी लॉन्ड्री नव्हती, आणि चोरीचा डाग घेऊन आलेल्या बाईला कोण इस्त्री हातात देतो? हे सगळ्यांना कळत होतं. बदकं लागली. ताईने पडद्याकडे पाहिलं नाही. पुढचे सगळे दिवस पाहिलं नाही. ती आत उभी राहून चादरींवर इस्त्री फिरवायची, आणि कोरड्या चादरीवरही अधूनमधून चर्र आवाज यायचा. पाणी शिंपडल्याचा नव्हता तो.

शनिवार आला. संध्याकाळची वाट न बघता ताईने तिची पाण्याची बाटली, हात पुसायचं फडकं आणि उभं राहायला घातलेली जाड सतरंजीची घडी पिशवीत भरली आणि मालकीणबाईंना सांगायला पुढच्या खोलीत आली. दुपारची बदकं नुकती सुरू झाली होती. तेवढ्यात रस्त्यावरून एक ठेंगणी बाई आत आली, काखेत गाठोडं, हातात पिशवी, प्रवासाने विस्कटलेली. शेवटरावाची बायको.

"अहो, किल्ली द्या घराची. बाळ-बाळंतीण खुशाल आहेत. मुलगा झाला." मग तिने त्याला वर-खाली न्याहाळलं. "हा कुणाचा कोट घातलाय?"

"कुणाचा म्हणजे? माझा."

"तुमचा? दोन माणसं मावतील त्यात!" तिची नजर भिंतीवर गेली आणि तिने गाठोडंच खाली टाकलं. "अगंबाई! कोट धुतलात! लग्न झाल्यापासून सांगून सांगून माझी जीभ झिजली, आणि मी पाठ फिरवल्यावर धुतलात होय! अहो, करडा आहे की हा! मला वाटायचं काळाच आहे."

"तो माझा नाही," शेवटराव म्हणाला. "तो पुरावा आहे."

"कसला पुरावा? हा काय माझा खिसा." तिने पुढे होऊन निळ्या फुलांचा खिसा ओढला. "उशीच्या अभ्र्याचा तुकडा आहे. आतला खिसा फाटून लोंबत होता, जायच्या आदल्या दिवशी लावून दिला. आत हात घालून तरी पाहिलंत का कधी?"

पडद्यावर बाप बदक घरभर चष्मा शोधत होता.

मग बॉयलरदादाला आठवलं. "शेंगा!" तो ओरडला. "अहो शेंगा! डॉक्टरांच्या खिशातून टरफलं निघाली होती ना? शेंगा रोज खातं कोण इथे?"

खोलीभर माना वळल्या. इतके दिवस ज्या कोटात तपास हिंडत होता, तो कोट आता सगळ्यांना एकदम दिसला. भारी कापड, मनगटापुढे लोंबणाऱ्या बाह्या. शेवटरावालाही दिसला असावा. तो खाली बघून बटणं चाचपत होता, अनोळखी माणसाची चाचपावीत तशी.

ताई पुढे गेली. तिने त्याच्या मानेमागून कॉलर उलटवली. आत पट्टी नव्हती, टाके नव्हते, काहीच नव्हतं.

"काढा," ती म्हणाली. "धुवायला टाकायचाय."

त्याने काढला. खालच्या मळक्या सदऱ्यात तो एकदम लहान दिसला, पिसं उपटलेल्या कोंबड्यासारखा. तरी तोंड मिटेना. "हा योगायोग आहे. असा शेवट कोणी लेखक लिहिणार नाही. पटतच नाही हा शेवट."

"मला पटला," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. जो ज्योतिषी त्यांनी देवासारखा मानला, त्याने त्यांच्याच अंगणात खड्डा खणला होता. पण चूक कबूल करणं त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. ताईला म्हणाल्या, "चला, उलगडलं एकदाचं. ठेव ती पिशवी आत. आणि शेवटराव, सोमवारपासून तुम्ही काउंटरवर बसायचं नाही. मागे जा. दादाच्या हाताखाली, बॉयलरवर."

"माझ्या हाताखाली नको," दादा म्हणाला. "बॉयलर फुटेल. हे नळ सोडून त्याचा चेहरा बघत बसतील."

शेवटरावाने आमच्याकडे पाहिलं. एकेकाकडे, डोळे बारीक करून. कुणी नजर चुकवतंय का बघत अजूनही तो गुन्हेगार शोधत होता. "जिथे विचार करणाऱ्याची किंमत नाही," तो म्हणाला, "तिथे मी थांबत नाही." ताईला एक शब्द बोलला नाही. माफी नावाची गोष्ट त्याच्या कुठल्या मालिकेत नसावी.

ताईने पिशवी खाली ठेवली. मालकीणबाईंपुढे हात पसरला.

"काय गं?"

"रिमोट."

मालकीणबाईंनी तो निमूट दिला.

शेवटराव पायऱ्या उतरला आणि रस्त्याला लागला. बाहेर बोचरा वारा होता. त्याची बायको काखेत गाठोडं आणि हातावर तो धुतलेला करडा कोट घेऊन मागून धावत होती. "अहो, कोट तरी घाला! गारठाल!" पण तो कोट कसा घालणार? त्याच्या कॉलरमध्ये डॉक्टरांच्या खुणेची पट्टी होती, शेवटरावाने स्वतःच्या हाताने शिवलेली, दोन टाक्यांची. तो कुडकुडत, मान ताठ ठेवून चालत राहिला, आणि कोट मागून येत राहिला.

बघायला सगळे पायऱ्यांवर जमले होते. मालकीणबाई, हातात फडकं घेतलेला बॉयलरदादा, ओल्या हातांचा मी, समोरच्या दुकानातले दोघे. वळणावर तो दिसेनासा होईस्तोवर सगळ्यांनी त्याला पाहिलं.

ताई तेवढी आली नाही. ती आत, एका गाठोड्यावर, आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिने टीव्हीचा आवाज मोठा केला. बाप बदकाला चष्मा सापडला असावा, कारण ती हसली, पदर तोंडाशी न धरता, आणि ते हसू उघड्या दारातून, आमच्या अंगावरून, रस्त्यावर गेलं.